सालीसकट

मार्गळी लागला की मला सूड आठवतो.

इतरांना या तमिळ धनुर्मासातले कोलम, म्हणजे दारातल्या रांगोळ्या, आठवतात, पहाटेची देवळातली गाणी आठवतात, केळीच्या पानाच्या तुकड्यावर मिळणारा गरम पोंगल आठवतो. मलाही ते सगळं आठवतं, नाही असं नाही. पण समोरच्या देवळाचा भोंगा पहाटे खरखरला, खालच्या मजल्यावरच्या मामी अंगण शिंपून तांदळाच्या पिठाच्या रेघा ओढायला बसल्या आणि दूधवाला कानटोपी घालून जिना चढू लागला, की माझ्या जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. (कानटोपी! आमच्या विट्याकडं असल्या हवेत लोक उघड्यावर झोपतात.) आधी आंबट, मग गोड. आणि त्यामागोमाग मृणालताईंचा चेहरा.

आज सकाळी गच्चीवर गेले. पावसाळा नुकताच संपलाय. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा जूनमध्ये येत नाही, दिवाळीच्या आगेमागे येतो आणि भिंतींना शेवाळ लावून जातो. त्या शेवाळाच्या कडेला माझ्या कुंड्या ओळीनं उभ्या आहेत. झाडं कमरेएवढीच, पण फळांनी वाकलेली. मोठ्या बोराएवढं, फार तर लहान लिंबाएवढं फळ. वर्षभर ते हिरवंच राहतं, मद्रासच्या उकाड्यात त्याला रंग चढत नाही. मार्गळीतल्या चार गार पहाटा मिळाल्या की कुठं एका अंगानं केशरी व्हायला लागतं. रोपं विकणारा त्याला चायना ऑरेंज म्हणतो. धड संत्रं नाही, धड लिंबू नाही. संत्र्याच्या जातीतलं एक झाड आणि दुसरं कुठलंसं बुटकं झाड, यांचा तो संकर. लोक शोभेला म्हणून नेतात, दाराशी ठेवतात. फळं पिकतात, सुकतात, गळून जातात. खायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मला ते खायला शिकवलं सरोजाअक्कांनी. पण त्याच्या आधीचं सांगायला हवं.

मी नववीतून शाळा सोडली. सोडली कसली, सोडवली. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागून मी थेट मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या एका खोलीत आले. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. खाली भट्टी, वर आमची खोली. मधल्या जिन्यातून तेजाबाचा पिवळट धूर वर यायचा, आणि मी पदर नाकाला लावून चपात्या लाटायची. मला तमिळ येत नव्हतं. बाजारात बोटानं भाजी दाखवायची, आणि भाजीवालीनं काही विचारलं की घाबरून दुसरीच भाजी घेऊन यायची. आजही मी घाबरटच आहे. कुलूप लावून जिना उतरते, परत चढते, कुलूप ओढून बघते. गॅसचं बटण बघते. मग उतरते आणि वाटेत वाटतं, नळ?

पुढं नवऱ्याच्या छातीनं धूर सोसायचं नाकारलं. खोकला थांबेना, भट्टी सुटली. आम्ही वेस्ट मांबलमला या जुन्या घराच्या मधल्या मजल्यावर आलो. त्या वेळी मृणालताई भेटल्या. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्या मूळच्या नागपूरच्या, गोऱ्या, उंच, बोलायला मोकळ्या. देवळात माझं मराठी ऐकून त्यांनीच थांबवलं. "अहो, पोळ्या करून द्याल का आम्हाला? इथं सगळं भात नि भात होऊन राहिलं बाप्पा!" त्यांनी मला पहिलं काम दिलं. छातीच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळवून दिली. आणखी मराठी घरांना फोन केले आणि माझ्या तव्याला विसावा मिळेना. हे मी विसरत नाही. सकाळी पहिली पोळी फुगली की मी त्यांना मनात हात जोडते. आजही जोडते.

म्हणूनच तो राग इतका छळायचा. नुसतं वाईट करणाऱ्या माणसाचा राग करणं सोपं असतं, तो एका बाजूनं असतो. इथं रागाला हात घातला की खालून उपकार निघायचा.

झालं ते असं. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला त्यांनी मलाही बोलावलं. पहिल्यांदाच. "या हं, आणि जरा लवकर या." मी काळी चंद्रकळा नेसले. गौरीला, माझ्या मुलीला, काळा फ्रॉक शिवला, त्यावर खडीचे ठिपके मी स्वतः लावले. ती तेव्हा सातवीत होती. आरशासमोर गोल फिरून म्हणाली, "आई, तू आज टीचरसारखी दिसतेस." तिच्या लेखी याहून मोठं काही नव्हतं.

दार मृणालताईंनीच उघडलं. "बरं झालं बाई लवकर आलात. कणीक भिजवून ठेवलीय, गूळ किसलाय. गूळपोळ्या तेवढ्या होऊन जाऊ द्या."

मला वाटलं, मदत. आपल्यात करतातच की एकमेकींना. चंद्रकळेचा पदर खोचला आणि बसले लाटायला. हॉलमध्ये बायका येऊ लागल्या, अत्तरांचे वास, हसणं, बांगड्या. मी एक घाणा काढायची नि वाटायचं, आता बोलावतील. दुसरा काढायची. कुणीतरी हॉलमध्ये विचारलं, "ही गोड मुलगी कुणाची?" आणि मृणालताईंचा आवाज आला, सहज, काही मनात नसलेला: "ही होय? आपल्या पोळ्यावाल्या बाईंची."

बायका निघाल्या तशी मृणालताई स्वयंपाकघरात आल्या. माझ्या पिठाच्या हातांकडं बघून कुंकू कपाळाला टेकवल्यासारखं केलं आणि वाण म्हणून एक प्लास्टिकचा डबा दिला, उरलेला तिळगूळ भरून. हॉलमधल्या प्रत्येकीच्या हातात पितळेचं छोटं निरांजन होतं, लाल कागदात बांधलेलं.

परतताना मांबलम स्टेशनच्या पुलाखाली आल्यावर गौरी म्हणाली, "आपल्याला वेगळं का दिलं?"

"संपलं असेल गं."

"नाही संपलं. टेबलावर होते. मी बघितले."

गाडी वरून धडधडत गेली.

त्यानंतर गौरी माझ्याबरोबर कुठं येईनाशी झाली. भाजीला आली तर चार पावलं पुढं चालायची. शाळेत पालकांना बोलावलं तर म्हणायची, अप्पांना पाठव. एकदा जिन्यात तिची मैत्रीण विचारत होती, तुझी आई काय करते म्हणून, आणि मी वरच्या पायरीवर ओलं फडकं घेऊन उभी होते. गौरी म्हणाली, "अम्मा वीट्लदान इरुक्कांग." आई घरीच असते. खोटं नव्हतं ते. मी घरीच होते, तव्यापुढं. पण तिनं ते ज्या घाईनं सांगितलं ना, जसं आपण पाहुणे आल्यावर मळका कपडा पायानं खाटेखाली सरकवतो, तसं मला तिनं सरकवलं.

माझ्या अपमानाचं मला एवढं नव्हतं. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला अपमान पचवायची सवय असते. पण पोरीच्या नजरेतून मी उतरले होते आणि ती जागा मला परत हवी होती. आणि मृणालताईंचं तोंड वाकडं झालेलं मला बघायचं होतं. या दोन गोष्टी मला तेव्हा एकच वाटायच्या.

वर्षभर मी तो राग पाळला. पाळला हाच शब्द बरोबर. त्याला खाऊपिऊ घातलं. पोळी लाटताना लाटण्याखाली मृणालताईंचा "सहज" आवाज घ्यायची आणि गोल गोल पसरायची. मनात मोठमोठी भाषणं करायची, शुद्ध मराठीत, टाळ्या पडतील अशी. मग बेल वाजायची, मृणालताईंचा ड्रायव्हर डब्यासाठी उभा असायचा आणि मी विचारायची, "ताईंचा गुडघा कसा आहे आता?" विचारायची ती खरोखर काळजीनं. माणूस असं कसं असतं, मला अजून कळलेलं नाही.

आणि मग तो मार्गळी आला.

सरोजाअक्का आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तंजावरकडच्या मराठ्यांपैकी. त्यांची माणसं कैक पिढ्यांपूर्वी इकडं आली. त्यांचं मराठी ऐकलं की जुन्या पेटीतली साडी उलगडल्यासारखं वाटतं, आणि मध्येच तमिळचा सूर असा लागतो की वाक्य शेवटाला जिना चढतं. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, दिवसभर आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. एके सकाळी मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर अक्का कुंडीपाशी उभ्या राहून काहीतरी चघळत होत्या. डोळे मिटलेले. लहान पोर चोरून साखर खातं तसं तोंड.

"काय खाताय अक्का?"

त्यांनी दचकून डोळे उघडले आणि एक फळ तोडून माझ्या हातावर ठेवलं. "घे. खाऊन पाहा."

मी आपली रीतीनं खाली बसले. नखानं साल सोलली, पातळ होती, चटकन निघाली. साल बाजूला ठेवली. आतल्या इवल्या इवल्या फोडी वेगळ्या केल्या आणि दोन तोंडात टाकल्या.

आई गं! तो आंबटपणा जिभेला नाही लागला, कानामागं लागला. डोळ्यांतून पाणी, मान आपोआप एका खांद्याकडं. दात शिवशिवले. अक्का पोट धरून हसत होत्या. "अय्यो, साल कां टाकलीस गे? सालींतच तर गोडी आहे! अख्खें घाल तोंडांत. भिऊं नको."

मी भीत भीत अख्खं घातलं. चावलं. आधी सालीतलं तेल नाकात चढलं, मोहोर आलेल्या बागेतून कुणी झपकन गेल्यासारखं. मग गोडी. संत्र्याच्या सालीचा कडवटपणा यात नावालाही नव्हता. साल चक्क गोड, मऊ, मुरांब्यासारखी. आणि ती गोडी जिभेवर पसरते न पसरते तोच आतलं आंबट फुटलं. पण आता ते एकटं नव्हतं. गोडीनं त्याला कडेवर घेतलं होतं. दोघं मिळून माझ्या तोंडात असा काही गोंधळ घालू लागली की मी हसायलाच लागले. बी थुंकली आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

"आतां कळलें?" अक्का म्हणाल्या.

त्या महिन्यात मी त्या फळावरच जगले म्हटलं तरी चालेल. सकाळी तवा तापेपर्यंत एक. डबे गेले की एक, पायरीवर बसून, ऊन पाठीवर घेत. सांबारातला भात खाऊन तोंड मंद झालं की एक, मीठ लावून. अक्का त्यांचे चार तुकडे करून रसमच्या भांड्यात उतरवताना टाकायच्या आणि जिन्याभर वास सुटायचा. नवऱ्याची जीभ तेजाबाच्या धुरानं मेलेली. वर्षानुवर्षं तो सगळं तिखटजाळ मागायचा, तरी चव लागली नाही म्हणायचा. त्यालाही एक दिलं. तो सावकाश चावत राहिला. भिंतीकडं बघत म्हणाला, "हे लागतंय." मग परत, जरा नवलानं, "लागतंय की गं." मी तोंड फिरवून कणकेत पाणी ओतलं, जास्तच ओतलं. आणि गौरी! माझ्याशी धड न बोलणारी गौरी शाळेला जाताना दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ती फळं भरून न्यायची. आमच्या दोघींत तेव्हा बोलण्यासारखं तेवढंच होतं. "पिकलीत का गं?" "त्या कोपऱ्यातली पिकलीत."

एवढं सुख असताना सूड कुठून आला? नागपूरहून आला. पेटीतून.

दर हिवाळ्यात मृणालताईंकडं माहेरून संत्र्यांची पेटी यायची. त्या दिवशी ड्रायव्हर सुटीवर होता म्हणून डबा मीच घेऊन गेले. त्या टेबलाशी बसून संत्रं सोलत होत्या. बघत राहावं असं सोलायच्या, खोटं कशाला बोलू. अख्खी साल एका सपाट्यात, कातीसारखी. मग फोडीवरचा एकेक पांढरा धागा ओढून काढायच्या. "संत्रं कसं खायचं ते आम्हा नागपूरकरांकडून शिकावं," त्या म्हणाल्या. "सालीचा कण जरी राहिला ना, तर सगळं कडू होतं. इथले लोक कसेही खाऊन राहिले." आणि धुतल्यासारखी स्वच्छ एक फोड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. गोड होती. फार गोड होती. मी उंबऱ्यात उभी होते, त्यांनी बसा म्हटलं नव्हतं, आणि ती फोड गिळता गिळता मला सगळं दिसलं. अगदी स्पष्ट, घडून गेल्यासारखं.

घरी येऊन मी जाहीर केलं, यंदा रथसप्तमीच्या आत आपल्याकडं हळदीकुंकू. सगळ्या पोळ्यांच्या घरांना बोलावणं.

नवरा खोकत उठून बसला. "वाण काय देणार?"

मी सांगितलं. कसं ते पण सांगितलं.

"डोकं फिरलंय काय तुझं? ती बाई चिडली तर एका फोनवर सगळी घरं जातील."

"जाऊ देत."

"आणि मग खायचं काय?"

"ही फळं," मी म्हटलं. पण त्या संध्याकाळी एक पोळी करपली. त्याचं म्हणणं खरं होतं. ज्या बाईच्या शब्दावर आमची चूल पेटली तिच्याच दातांखाली मी आंबट द्यायला निघाले होते. दहादा मनात आलं, नको. साधे स्टीलचे चमचे आणावेत, वाटून मोकळं व्हावं. मग मला पुलाखालचा गौरीचा आवाज ऐकू यायचा. टेबलावर होते. मी बघितले.

अक्कांना विश्वासात घ्यावंच लागलं, फळं त्यांच्याच झाडांची. त्यांनी कानावर हात ठेवले. "शिव शिव! घरीं बोलावून असें करतात? पाप लागेल गे."

"लागू दे."

अक्कांनी थोडा विचार केला. "सेरी, बरें तर. मग मला पुढची खुर्ची ठेव. नीट दिसलें पाहिजे."

बायका आल्या. आमच्या त्या खोलीत, जिथं सतरंजी पसरली की दार उघडायला जागा राहत नाही, तिथं रेशमी साड्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मृणालताई खुर्चीवर, गुडघ्यामुळं. शेजारी अक्का. मी हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. गौरी कोपऱ्यात उभी होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. पानांचे द्रोण फिरले. प्रत्येकात ती केशरी फळं, खोबरेल लावून चकचकीत केलेली, वर एक हिरवं पान. "अय्या, किती क्यूट!" आयटीत काम करणारी एक तरुण मुलगी म्हणाली आणि फोटो काढू लागली.

"वाण घरी न्यायचं असतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "पण दारचं फळ आहे. एक तरी इथंच तोंडात टाका. माझ्या समाधानासाठी."

कुणीच खाईना. सगळ्यांनी मृणालताईंकडं बघितलं. संत्र्याचा विषय म्हटल्यावर पहिला मान त्यांचा.

मृणालताईंनी फळ बोटांत फिरवलं. "हे तर आमच्या संत्र्याचं पिल्लू आहे!" सगळ्या हसल्या. मग त्यांनी सोललं. तस्संच, एका सपाट्यात. साल द्रोणाच्या कडेला ठेवली. धागे काढले, एक न् एक. त्यांचं बघून सगळ्यांनी सोललं. खोलीभर साल ओढल्याचा बारीक आवाज, आणि तो वास, मोहोराचा, ज्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी हात पोटाशी घट्ट धरले होते. बाकीच्यांचा काय दोष, असं एकदा वाटून गेलं. पण त्याही त्या दिवशी हॉलमध्येच बसल्या होत्या.

मृणालताईंनी सगळ्या फोडी एकदमच तोंडात टाकल्या.

तो चेहरा मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. आधी काहीच झालं नाही. मग एक डोळा आपोआप मिटला. मान खुर्चीच्या पाठीकडं गेली. गाल आत ओढले गेले, हनुवटीला खळगा पडला, कपाळावरचं माझं कुंकू भुवयांबरोबर वर सरकलं. हात पदराकडं गेला, थुंकायला. पण समोर अख्खी खोली बघत होती आणि वाण थुंकत नाहीत. त्यांनी गिळलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि मग मृणालताई, काय बाई आहे ती, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "वा! काय... ताजं आहे!"

झालं. त्यांनी ताजं म्हटल्यावर दुसरी कोण आंबट म्हणणार? खोलीभर बायका रडत होत्या आणि तारीफ करत होत्या. "फारच छान हो." "व्हिटॅमिन सी." "पित्ताला चांगलं." आयटीतली मुलगी पदराआड शहारत होती. अक्का शेजारी बसून पदराखालून एकामागून एक, अख्खी, सालीसकट खात होत्या आणि पोथी ऐकत असल्यासारखा चेहरा ठेवून होत्या. मृणालताईंनी, बोलून गेल्या म्हणून, दुसरं सोलायला घेतलं. मी त्यांच्याकडं बघत उभी होते आणि माझ्या आत कुठंतरी वर्षभर ताणलेली दोरी सैल होत होती. इतकं बरं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "गौरी, तू नाही घेतलं बेटा? ये, घे."

गौरीला मी विसरलेच होते. ती रोज हे फळ खायची. ती आता सवयीनं अख्खं तोंडात टाकणार, सगळ्या बघणार, कुणीतरी विचारणार, आणि सगळं उघडं पडणार. किंवा ती सांगूनच टाकेल. काकू, असं नसतं खायचं. सांगायला तिला कारणही होतं. आईला सरकवायचीच होती ना खाटेखाली? मग ही आयती संधी.

गौरी पुढं आली. द्रोणातलं एक फळ उचललं. माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पण त्या नजरेत तिनं सगळं बघून घेतलं. मृणालताईंच्या कडेची साल, अक्कांचा हलणारा पदर, माझे पोटाशी धरलेले हात. मग तिनं मान खाली घातली आणि फळ सोललं. हळू, नीट, धागे काढून. साल द्रोणात ठेवली. सगळ्या फोडी तोंडात टाकल्या आणि चावल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त गळ्याशी एक शीर ताठ झाली, ती मलाच दिसली.

"गोड आहे, काकू," ती म्हणाली. "माझ्या आईनं लावलंय झाड."

खोटं. झाड अक्कांचं होतं. अक्कांनी जोरजोरात मान हलवली. "आमां, आमां. हो तर, हिनेंच लावलें."

त्या दिवसानंतर गौरी माझ्या बरोबरीनं चालू लागली. संध्याकाळचे डबे ती न्यायला लागली. बेल वाजवून, दार उघडायच्या आधीच खणखणीत सांगायची, "आईनं पोळ्या पाठवल्यात." एकही घर गेलं नाही. उलट पुढच्या संक्रांतीला मृणालताईंकडं मी हॉलमध्ये बसले, सगळ्यांच्यात, आणि सगळ्यांसारखंच वाण मला मिळालं. तरी माझं मन निवलं असं नाही. दर मार्गळीत मी त्यांना फळांची पिशवी पाठवत राहिले. एकदा चारचौघींत वाखाणलं म्हणून त्यांना ती घ्यावी लागायची. मग त्यांनी रोपच मागितलं. तोवर माझ्याही कुंड्या झाल्या होत्या, त्यातलं एक मी दिलं, कुंडीसकट. त्या फळं सोलून, साल कचऱ्यात टाकून, आतल्या गराचा ढीगभर साखर घालून मुरांबा करायच्या आणि पाहुण्यांना चाखायला द्यायच्या. मी त्यांच्या हॉलमध्ये बसून चमचाभर घ्यायची आणि कचऱ्याच्या डब्यातल्या गोडीचा वास छातीभर ओढायची.

आता त्यांचे यजमान निवृत्त झालेत. बिऱ्हाड नागपूरला चाललंय. काल मृणालताई निरोप घ्यायला आल्या. गुडघा दुखत असताना जिना चढून आल्या, कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळून सोबत नेणार म्हणून तिला खत काय घालू ते विचारायला. माझे हात हातात घेतले. "तुमच्यासारखी पोळी आता मिळणार नाही बाई. आणि तुमच्या माणसाची तब्येत सांभाळा. त्या डॉक्टरला मी फोन करून ठेवलाय." त्यांचे डोळे खरंच भरले होते. इतकी वर्षं झाली. या बाईनं आम्हाला उभं केलं. वाटलं, आता सांगावं, हसत सांगावं. ताई, साल टाकू नका हो. सालीतच गोडी आहे. एवढंच तर वाक्य. ते माझ्या ओठांवर आलं.

गौरी तांबरमच्या कॉलेजातून नुकतीच आली होती, ट्रेनच्या गर्दीत चुरगळलेली ओढणी सारखी करत. ती आमच्या दोघींच्या मधोमध आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानंच, पण मला थांबवलं. "काकू," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "रोज पाणी घाला हं. नागपूरच्या थंडीत फळांना रंग फार छान येईल. सगळ्यांना खाऊ घाला."

मृणालताई जिना उतरून गेल्या. खाली गाडीचं दार लागलं.

"सांगू दिलं नाहीस," मी म्हटलं.

"तिकडं कुणीतरी सांगेलच की त्यांना," गौरी म्हणाली. "संत्र्यांचा गाव आहे. कधीतरी कुणी अख्खं तोंडात टाकेल आणि म्हणेल, अहो, हे असं खातात. तेव्हा त्यांना तो सगळा दिवस आठवेल. आपण दोघी आठवू." आणि ती हसली.

ते हसू मी ओळखलं. तिच्या वयाला ते शोभत नव्हतं. मला भीती वाटली, पोरीला मी हे काय दिलं म्हणून. आणि बरंही वाटलं. फार बरं वाटलं.